पिप बिळात शिरला आणि तीन तास बाहेरच आला नाही – जॅक रसेल टेरियर पाळणाऱ्यांनो, जरा सांगा

मेघना_डेव्हन

नमस्कार मंडळी. कुत्र्यांवर इथे बरेच धागे आहेत पण जॅक रसेलवर वेगळा सापडला नाही म्हणून काढतेय. मोठं होईल, सांभाळून घ्या.

आम्ही दोघं इंग्लंडमधे डेव्हनला, बार्नस्टेपलच्या जवळ राहतो. शेजारच्या आजी फेब्रुवारीत वृद्धाश्रमात गेल्या, तिथे कुत्रा चालत नव्हता, त्यांचा पिप आमच्याकडे आला. साडेचार वर्षांचा आहे, पांढरा, एका डोळ्यावर आणि कानावर तांबूस डाग, केस मिशांजवळ आणि पायांवर राठ, बाकी गुळगुळीत. सोबत आजींनी त्याची गोधडी दिली आणि आजोबांचा बागकामाचा एक चामड्याचा जुना हातमोजा, तो तोंडात धरल्याशिवाय झोपत नाही. स्वभावाने इतका प्रेमळ की मी नाइट शिफ्ट करून आले की सोफ्यावर माझ्या गुडघ्यांच्या मागच्या खळगीत येऊन झोपतो.

पण गेल्या रविवारचं सांगते. इथे शेतांच्या कडेला मातीचे उंच बांध असतात, वर झाडी. पट्टा सोडला होता, नेहमीच सोडायचे. एका बांधाच्या बुडाशी बीळ होतं, मी हाक मारेपर्यंत शेपटी आत. आधी भुंकणं ऐकू येत होतं, जमिनीच्या आतून, अक्षरशः माझ्या पायाखालून, मग तेही थांबलं. मी पालथी पडून खांद्यापर्यंत हात आत घातला, मुळं हाताला लागत होती, ओली माती आणि उग्र असा वास, आणि आत काहीच नाही. तीन तास. मंदार घरून फावडं घेऊन आला, पण खणायचं कुठे तेच कळेना. शेवटी साहेब दहा-बारा पावलांवरच्या दुसऱ्याच भोकातून बाहेर आले, मातीने माखलेले, नाकावर ओरखडे, डावा डोळा चिखलाने बंद, आणि शेपटी हलतेय. मी तिथेच बसून रडले.

घरात पण त्रास आहेच. बाग चार ठिकाणी खणलीय. दारातून टपाल पडलं की अक्षरशः तुटून पडतो, दोन पत्रं फाडली त्यातलं एक बँकेचं होतं. खार दिसली की त्याला माझा आवाज ऐकूच येत नाही. मंदार म्हणतो हे आपल्याला झेपणारं नाही, कुणाला तरी देऊ. जूनमधे साताऱ्याहून आई येतेय सहा महिन्यांसाठी, तिला अजून सांगितलेलं नाही.

हा जातीचाच गुण आहे की आमचं काही चुकतंय? खाणं, केस, व्यायाम, जे माहीत असेल ते सांगा. वजन ८ किलोच्या जरा खाली आहे, खांद्यापाशी उंची २८ सेंमी. देऊन टाकायची माझी अजिबात इच्छा नाही.

---

बंड्या_मिरजकर

ताई नसबंदी करून टाका, एकदम शांत होईल. आमच्या मावशीच्या लॅब्रॉडॉरचं तसंच झालं.

---

एक्सिटरकर

मेघनाताई, आधी एक सांगतो, तुमचं काही चुकत नाहीये आणि पिपचंही नाही. मी एक्सिटरला १८ वर्षं आहे, घरात हा तिसरा जॅक रसेल, आणि तुम्ही तर या जातीच्या माहेरातच राहताय. तुमच्यापासून पाचेक मैलांवर स्विमब्रिज गाव आहे बघा. तिथल्या सेंट जेम्स चर्चच्या आवारात, ज्याने ही जात घडवली त्या रेव्हरंड जॉन रसेलची कबर आहे, समोर त्याच्या कुत्र्याच्या नावाचा पब पण आहे. एका रविवारी पिपला घेऊन जाऊन या, खरंच सांगतो.

हा जॉन रसेल १७९५ मधे डार्टमथला जन्मलेला. शिकारीचं वेड शाळेपासून, टिव्हर्टनच्या ब्लंडेल्स शाळेत चोरून शिकारी कुत्रे पाळले म्हणून काढूनच टाकणार होते. पुढे ऑक्सफर्डला एक्सिटर कॉलेजात गेला. १८१९ च्या मे महिन्यात मार्स्टन गावाच्या बाजूला फिरायला निघाला होता, वाटेत एक दूधवाला भेटला, त्याच्याबरोबर एक पांढरी कुत्री. दोन्ही डोळ्यांवर आणि कानांवर गडद तांबूस डाग आणि शेपटीच्या मुळाशी पेनीच्या नाण्याएवढा एक ठिपका. जागेवर विकत घेतली. तीच ट्रम्प, सगळ्या जॅक रसेलांची आद्य आई म्हणतात ती. पुढे प्रिन्स ऑफ वेल्सने, म्हणजे नंतरच्या सातव्या एडवर्डने, तिचं चित्र काढून घेतलं, ते सँड्रिंगहॅमच्या राजवाड्यात आहे.

आता मुद्द्याचं. त्याला कुत्रा कशाला हवा होता? कोल्ह्याच्या शिकारीत पुढे हाउंड कुत्र्यांचा कळप आणि मागून घोडेस्वार, दमलेला कोल्हा बिळात घुसला की सगळं थांबायचं. मग या छोट्याला आत सोडायचे. त्याने कोल्ह्याला मारायचं नाही, मारला तर शिकारच संपली. अंधारात, एकट्याने, स्वतःएवढ्याच प्राण्याच्या तोंडासमोर उभं राहून भुंकत राहायचं, जरूर पडली तर चावे काढायचे पण मागे हटायचं नाही, कोल्हा दुसऱ्या तोंडाने बाहेर पळेपर्यंत. आणि मालक वर, दहा फूट मातीपलीकडे. म्हणजे हुकूम द्यायला कुणी नाही, काय करायचं ते त्याचं त्यानेच ठरवायचं. आपला मेंढ्या राखणारा कुत्रा दर दोन मिनिटांनी धनगराकडे बघतो ना, त्याच्या बरोबर उलट. दोनशे वर्षं पिल्लं निवडलीत ती जी बिळात मालकाचं ऐकायला थांबली नाहीत. टेरियर हा शब्दच मातीवरून आलाय. तुम्ही हाक मारता आणि तो ऐकत नाही तो हट्टीपणा नाही हो, त्याच्यासाठी ते कामावर असणं आहे.

अंगाची ठेवणसुद्धा बिळाच्या मापाची. छाती कोपरांच्या मागे मोठ्या माणसाच्या दोन पंज्यांच्या पकडीत मावली पाहिजे, घेर ४० ते ४३ सेंमी, कारण कोल्हा जिथून जातो तिथून हा गेला पाहिजे. पांढरा रंग अशासाठी की बाहेर येताना हाउंडांनी आणि माणसांनी त्यालाच कोल्हा समजू नये. पूर्वी शेपटी कापायचे पण पूर्ण नाही, हाताची पकड बसेल एवढी ठेवायचे, ओढून काढता यावं म्हणून. इंग्लंडमधे २००७ पासून कामाचे कुत्रे सोडून शेपटी कापायला बंदी आहे.

गंमत बघा, रसेल १८७३ मधे केनेल क्लबच्या (कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणारी इथली संस्था) पहिल्या सभासदांत होता, फॉक्स टेरियरांच्या स्पर्धेत परीक्षक म्हणूनही बसला, पण स्वतःचे कुत्रे शोमधे नेले नाहीत. शो सुरू झाले की लोक तोंडवळा आणि उंची बघायला लागतात आणि काम मागे पडतं, हे त्याला दिसत होतं. १८८३ मधे तो वारला. त्याच्यामागे आर्थर हाइनमन नावाच्या माणसाने १८९४ मधे या कुत्र्याचं पहिलं लिखित माप ठरवलं. केनेल क्लबने उंच पायाचा पार्सन (म्हणजे पाद्री) प्रकार १९९० मधे मान्य केला आणि तुमच्या पिपसारखा बुटका जॅक रसेल तर थेट २०१६ मधे. मधली बरीच घडण ऑस्ट्रेलियात झाली, एफसीआयची, म्हणजे कुत्र्यांच्या जातींच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची मान्यता त्यामुळे २००० मधेच आली होती. इतकी वर्षं कामवाल्या लोकांनी त्याला शोपासून लांब ठेवलं म्हणून तो अजून असा चिवट आहे असं माझं ठाम मत आहे.

आता बिळाचं, हे नीट वाचा. उग्र वास म्हणालात त्यावरून कोल्हा असावा, पण ते बॅजरचं (बिळात राहणारा काळ्या-पांढऱ्या तोंडाचा प्राणी) बीळ असेल तर इथे १९९२ चा बॅजर संरक्षण कायदा आहे, बॅजरच्या बिळात कुत्रा घालणं गुन्हा आहे आणि ते बीळ खणणं पण. कुत्रा अडकला तरी फावडं चालवायचं नाही, नॅचरल इंग्लंड या सरकारी संस्थेला विचारून परवाना घ्यावा लागतो. शिवाय बॅजरचा जबडा फार वाईट, जॅक रसेलचा खालचा जबडा फाटलेला मी डोळ्यांनी बघितलाय. त्यामुळे बांधांच्या बाजूला पट्टा सोडणं आजपासून बंद. दहा मीटरची लांब दोरी घ्या, ती मागे हार्नेसला लावा. जीपीएसच्या भरवशावर राहू नका, जमिनीखाली तो चालत नाही. परत कधी गेलाच तर ओरडू नका, तुमचा आवाज ऐकून तो आत आणखी जोर करतो, त्याला वाटतं मदत आली. गप्प राहायचं, थोडं लांब जायचं, तोंडाशी त्याची गोधडी ठेवायची आणि सगळ्या भोकांवर नजर ठेवायची.

---

सुलभा_कोथरूड

एक्सिटरकर, काय सुंदर लिहिलंत! माझ्या आजोबांकडे एचएमव्हीच्या तबकड्या होत्या, त्यावरचा कर्ण्यासमोर मान कलती करून बसलेला कुत्रा आठवतो ना? निपर त्याचं नाव, १८८४ मधे ब्रिस्टलचा जन्म, म्हणजे तुमच्याच भागातला. येणाऱ्याजाणाऱ्यांच्या पोटऱ्यांना चिमटे काढायचा म्हणून निपर. तो जॅक रसेल होता की फॉक्स टेरियर की मिश्र यावर वाद आहे पण माझी जॅक रसेल जिजा जेव्हा मान कलती करते तेव्हा मला तरी शंका राहत नाही. मूळ चित्रात तबकडीच्या ग्रामोफोनऐवजी एडिसनचं सिलिंडरवालं यंत्र होतं, फ्रान्सिस बरोने ग्रामोफोन कंपनीसाठी त्यावर रंगवून बदललं. आख्ख्या महाराष्ट्राच्या घराघरात हा कुत्रा शंभर वर्षं होता आणि जात कुणाला माहीत नव्हती.

मेघना, जिजा नऊ वर्षांची आहे. पहिलं दीड वर्ष मी पण रोज रडायचे. सोसायटीच्या चेंबरमधून घुशी निघायच्या, मांजराएवढ्या, आणि हिने एका सकाळी वॉचमनच्या डोळ्यांदेखत एक घूस मानेला धरून दोन झटक्यांत मारली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि मी घाबरून थेट दवाखान्यात, कारण घुशीने आधी विष खाल्लेलं असेल तर? डॉक्टरांनी सांगितलं की उंदराच्या औषधाने रक्त गोठत नाही आणि लक्षणं तीन-चार दिवसांनी दिसतात, थांबायचं नाही. आणि लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिसची) लस दरवर्षी, उंदीर-घुशींच्या लघवीतून तो आजार होतो. तुझ्याकडे पण शेतं आहेत, लक्ष ठेव.

मला जे कळलं ते सांगते. तासभर नुसतं पळवून हा दमत नाही, उलट पळून पळून दम वाढतो त्याचा, पैलवान होतो. नाक दमवायचं. जिजाच्या जेवणातला निम्मा भाग मी वाटीत देतच नाही. जुन्या टॉवेलच्या घड्या घालून त्यात, खोक्यांत, कुंडीमागे, पायरीखाली लपवते. पंधरा मिनिटं हुंगून हुंगून शोधते आणि मग जी झोपते ती कुकरच्या शिट्टीलाही उठत नाही. आणि खणायला हक्काची जागा दे. माझी बाल्कनी आहे तर प्लास्टिकच्या टबमधे वाळू भरलीय, त्यात हाड पुरते. तुझी तर बाग आहे, एक कोपरा त्याचा करून टाक. खणू नको म्हणून शिकवणं म्हणजे मांजराला दुधाकडे बघू नको म्हणणं.

टपालासाठी सोपं आहे, दाराची फट आतून बंद कर आणि बाहेर डबा लाव. तो रोज "घुसखोराला" हाकलतो आणि पोस्टमन रोज खरंच जातो, म्हणजे रोज जिंकतो ना तो. संधीच मिळाली नाही की सवय सुटते.

आईंचं टेन्शन घेऊ नकोस. माझ्या सासूबाई पायाला कुत्रा लागला की आंघोळ करायच्या, आता जिजाला पोळीचा पहिला तुकडा त्याच देतात. फक्त एक सांगून ठेव, झोपलेला असताना वरून उचलायचं नाही आणि तोंडातला हातमोजा ओढून काढायचा नाही, त्या बदल्यात दुसरं काही द्यायचं. ही मंडळी लाडकी असतात पण त्यांना धरलं-दाबलेलं खपत नाही.

---

पशुवैद्य_नाशिक

मेघनाताई, बाकी सगळं नंतर, आधी तो डावा डोळा. चिखलाने बंद होता म्हणालात. अजून मिचकावतोय, पाणी येतंय, लाल आहे, तर उद्यावर ढकलू नका. डॉक्टर डोळ्यात नारिंगी रंगाचा थेंब घालून निळ्या उजेडात बघतील, बुबुळावर ओरखडा असला तर हिरवा चमकतो. वेळेत औषध मिळालं तर पटकन भरतो.

दुसरं, याच जातीत डोळ्याच्या भिंगाचे धागे तुटून भिंग जागेवरून सरकण्याचा आनुवंशिक आजार आहे. साधारण ३ ते ८ वर्षांच्या दरम्यान होतो, म्हणजे पिप नेमका त्या वयात आहे. अचानक डोळा दुखणं, निळसर धुरकट होणं, ही लक्षणं दिसली तर काही तासांचा प्रश्न असतो, दाब वाढून दृष्टी जाते. एका डोळ्याला झालं की दुसऱ्यालाही होण्याची भीती असतेच. डीएनए चाचणी उपलब्ध आहे, करून घ्या, म्हणजे लक्ष किती ठेवायचं ते कळेल.

वजन जास्त आहे. एफसीआयच्या मापात ५ सेंमी उंचीला १ किलो धरतात, म्हणजे २८ सेंमीला साधारण साडेपाच-सहा. हाडापेराने थोडा थोराड असेल तर साडेसहा समजा. आकड्यापेक्षा हात फिरवून बघा, बरगड्या न दाबता बोटांना लागल्या पाहिजेत आणि वरून बघताना कंबर दिसली पाहिजे. आजींनी प्रेमाने बिस्किटं घातली असणार. हळूहळू, तीन-चार महिन्यांत उतरवा. या जातीत गुडघ्याची वाटी सरकते, चालता चालता मधेच एक मागचा पाय उचलून दोन उड्या मारतो आणि परत नीट चालतो असं दिसलं तर तेच, आणि जादा वजनाने ते वाढतं. मनुका, द्राक्षं, चॉकलेट, आणि साखरेऐवजी झायलिटॉल घातलेलं काहीही, अजिबात नाही. आई येणार आहेत म्हणून मुद्दाम सांगतो, शिऱ्यातला बेदाणासुद्धा नाही.

हाक मारल्यावर ऐकत नाही हे बहुतेक स्वभावच आहे, पण या पांढऱ्या कुत्र्यांत जन्मजात बहिरेपणही असतो, कधी एकाच कानाचा. घरात दुसऱ्या खोलीत पाठमोरा असताना डब्याचं झाकण उघडून बघा, आला तर निदान एक कान तरी ठीक आहे.

केस मिश्र प्रकारचे आहेत. मशीन लावू नका, राठ केस मऊ पडतात आणि पाऊस-चिखल अंगाला चिकटायला लागतो. वर्षातून दोनदा जुने मेलेले केस चिमटीत धरून वाढीच्या दिशेने उपटतात, त्याला स्ट्रिपिंग म्हणतात, पिकलेला केस असेल तर दुखत नाही. बाकी आठवड्यातून दोनदा ब्रश. आंघोळ गरजेपुरती, चिखल वाळला की झटकूनच पडतो.

बंड्याभाऊ, नसबंदीचे फायदे वेगळे आहेत पण खणणं, भुंकणं, शिकार हे त्याने जात नाही. आणि घाबरणारा कुत्रा असेल तर कधी भीती वाढते, त्यामुळे कुत्रा बघून ठरवायचं.

एक आनंदाची गोष्ट पण सांगतो. २०२२ मधे ब्रिटनमधल्या कुत्र्यांच्या आयुर्मानाचा मोठा अभ्यास आला, त्यात सगळ्यांत वर जॅक रसेल होता, जन्मापासून सरासरी १२.७ वर्षं. फ्रेंच बुलडॉग साडेचारच्या आसपास. म्हणजे पिपची अजून बरीच वर्षं तुमच्याकडे आहेत, ती वजनाने आणि डोळ्याने घालवू नका.

---

मेघना_डेव्हन

सगळ्यांचे मनापासून आभार, डॉक्टर तुमचे विशेष. तुमचा प्रतिसाद वाचला तेव्हा पिप डोळा मिचकावत होता, सकाळी पहिली वेळ घेऊन गेले. हिरवी रेघ दिसली, अगदी केसाएवढी. दिवसातून चार वेळा थेंब, आज सहावा दिवस, डोळा पूर्ण उघडा आहे. डीएनएसाठी गालातून कापसाचा नमुना घेतलाय, निकाल यायचाय. वजन ७.८. डब्याचं झाकण उघडलं तर जिन्यावरून उडी मारून आला.

फावडं नेलं होतं ते आठवून अंगावर काटा येतो, बॅजरचा कायदा आम्हाला माहीतच नव्हता. काल शेतमालकाला भेटून विचारलं, तो म्हणाला त्या बांधात कोल्हाच आहे, पण दोन शेतं सोडून बॅजर आहेत. लांब दोरी आणली.

सुलभाताई, तुमची टॉवेलची युक्ती केली. पण खरं काम हातमोज्याने झालं. मंदारनेच सुचवलं. पिपला स्वयंपाकघरात ठेवायचं, हातमोजा कुठेतरी लपवायचा आणि दार उघडायचं. पहिल्या दिवशी सोफ्याच्या उशीखाली, चाळीस सेकंद. मग बागेतल्या कुंडीखाली. काल मंदारने तो बागेच्या कोपऱ्यात वीतभर मातीत पुरला, आम्ही तो कोपरा पिपला देऊन टाकलाय. पिप आधी सगळ्या कुंपणाला एक चक्कर मारून आला, मग मधेच थांबला, एक पंजा वर, नाक जमिनीला टेकलेलं, श्वासाचा आवाज मला दारात ऐकू येत होता. आणि मग माती उडायला लागली. हातमोजा तोंडात घेऊन तो थेट मंदारच्या पायाशी गेला, माझ्याकडे नाही, आणि मान कलती करून बघत बसला.

मंदारने हातमोजा घेतला, माती झटकली आणि म्हणाला, आता जरा खोल पुरतो. देऊन टाकायचा विषय त्यानंतर निघालेला नाही.

रविवारी आम्ही तिघं स्विमब्रिजला जातोय. आईला आज फोनवर सांगितलं, ती पाच मिनिटं काही बोललीच नाही, मग विचारलं, पोळी खातो का?